मोटारसायकलचें पाथेय

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवापासून नाणेघाटाची चढण सुरू होते. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, सातवाहनांच्या राजवटींत, कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनें जुन्नर व प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण, यांकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतील शिलालेख आहे, आणि जवळच जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. अशा व्यापारी तांड्यास संस्कृतांत ‘सार्थ’ म्हणतात, त्याच्या नायकास ‘सार्थवाह’, आणि वाटेंत पुरावयाच्या शिदोरीस ‘पाथेय’. या जुन्या शब्दांचें आम्हांस स्मरण होण्याचें कारण मात्र अगदीं आजचें आहे. पावसाळ्यांतील रविवारीं याच वैशाखऱ्यावरून मुंबईकडील शेंकडों तरुण मोटारसायकलींवर बसून माळशेज घाटाकडे जातात. त्यांपैकीं कित्येकांच्या मनांत याहून फार दूरचा, लडाखचा किंवा परदेशचा, प्रवास घोळत असतो. यंत्र उत्तम असतें, उत्साह उदंड असतो. पाथेयाचा विचार मात्र थोड्यांनींच केलेला असतो.

कांहीं वर्षांपूर्वीं हा प्रश्न आमच्या घरींच उभा राहिला. आमचा भाचा शहापुरास नोकरीला. मुंबई–आग्रा महामार्ग तेथून जवळच. त्या रस्त्यानें उत्तरेकडे जाणारीं वाहनें रोज पाहून, आपणही मोटारसायकलनें लेहपर्यंत जाऊन यावें, असें त्याच्या मनानें घेतलें. जाऊन येऊन सुमारें पांच हजार किलोमीटरांची मजल! आमची धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, घाबरून गेली. एकुलता एक मुलगा. त्यांतून वर्तमानपत्रांत अपघाताच्या वार्ता रोजच्याच. “दादा, तूं त्याला नाहीं म्हण. तुझें तो ऐकेल,” असें तिनें आम्हांस निकरानें सांगितलें.

तिचें भय निराधार होतें असें कोण म्हणेल? परंतु नुसत्या नकारानें भय दबतें, कमी होत नाहीं. आणि सत्तावीस वर्षांच्या मुलास दिलेला नकार बहुधा न सांगतां निघून जाण्यास निमित्त होतो. आमचा जन्म मुलांच्या परीक्षा घेण्यांत गेलेला. तेव्हां आम्हीं तोडगा काढला तोही शाळामास्तरी थाटाचा. भाच्यास म्हटलें, “शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत चार परीक्षा दे. चारींत उतरलास, तर आई आपल्या हातानें तुझ्या हातावर दहीं ठेवील.” त्यानें तें मान्य केलें. बहिणीनेंही केलें, पण आमच्याकडे रोखून पाहून.

हे दोन तालुके परीक्षेसाठीं निवडण्याचें कारण सरळ आहे. भरधाव मालमोटारींचा महामार्ग आणि कसाऱ्याचा घाट येथें आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशीं जाणारे, खडीचे आणि खांचखळग्यांचे आडरस्ते आहेत. आषाढ-श्रावणांत समोरचें माणूस दिसूं नये असें माळशेजचें धुकें आहे, आणि ओढ्याचें पाणी वरून वाहूं लागलेले ठेंगणे पूलही आहेत. मुख्य म्हणजे, येथें जें बिघडेल त्याची किंमत एका एस्. टी. च्या तिकिटाएवढी, तेंच सरचूच्या पठारावर बिघडलें तर साऱ्या प्रवासाएवढी. (शहापूर तालुक्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग २०२५ च्या जूनपासून पूर्ण खुला झाला आहे, पण त्यावर दुचाकींस मनाई आहे, हें तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.)

पहिली परीक्षा उचलण्याची. मुरबाड तालुक्यांत म्हसे येथें पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते व गुरांचा बाजार होतो. तेथें बैल घेणारा शेतकरी शिंगांच्या रंगावर भुलत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. मोटारसायकलचेंही तसेंच आहे. जाहिरातींतील चित्र पाहून जड यंत्र घेणारे पुष्कळ. परंतु दूरच्या प्रवासास निघालेल्या मोटारसायकली वजनानें बहुधा दोनशें किलोच्या आसपास भरतात आणि चिखलांत किंवा वाळूंत त्या आज ना उद्यां आडव्या होतातच. म्हणून दोन्ही पाय जमिनीस टेकतात कीं नाहीं, आणि आडवी पडलेली गाडी एकट्यास उभी करतां येते कीं नाहीं, हे प्रश्न अश्वशक्तीच्या प्रश्नाहून आधींचे आहेत.

भाच्यानें आमच्या अंगणांत जुनीं पोतीं पसरून गाडी आडवी केली आणि उचलूं लागला. पहिले दोन प्रयत्न फुकट गेले, कारण तो कमरेंतून वांकून हातांच्या जोरावर ओढीत होता. खरी रीति अशी : इंजिन बंद करावें, गाडी गिअरमध्यें ठेवावी, उजवीकडे पडली असेल तर बाजूचा स्टँड आधींच उघडावा, म्हणजे उभी होतांना ती पलीकडे कोसळत नाहीं. मग गाडीकडे पाठ करून खालीं बसावें, एका हातानें हँडल व दुसऱ्यानें मागील पकड धरावी, पाठ ताठ ठेवावी आणि पायांच्या बळावर मागें मागें सरत उठावें. तिसऱ्या खेपेस गाडी उभी राहिली. बहीण ओसरीवरून पाहत होती. कांहीं बोलली नाहीं, पण पाण्याचा तांब्या घेऊन तीच बाहेर आली.

दुसरी परीक्षा ओझ्याची. भाच्यानें आपल्या मतें आवश्यक तें सर्व सामान बांधलें. दोन बाजूंस दोन लोखंडी पेट्या, मागें उंचावर तिसरी पेटी, तीवर तंबू, स्टोव्ह, तीन जाकिटें, पुस्तकें, आणि अवजारांचा एक गलेलठ्ठ डबा. भुसाराच्या दुकानांतील कांट्यावर वजन भरलें ४८ किलो. अशा गाडीवरून तो खर्डीमार्गें कसारा घाट चढून आला. परतल्यावर त्याचें म्हणणें एकच, कीं चढावर पुढचें चाक हलकें लागतें आणि वळणावर हँडल थरथरतें.

याचें कारण शाळेंतील तरफेच्या धड्यांत आहे. मागील चाकाच्या आंसापलीकडे ठेवलेलें वजन तरफेसारखें मागचा भाग दाबतें आणि पुढील चाकावरील भार कमी करतें. ज्या चाकानें दिशा ठरावयाची, त्याचीच जमिनीवरील पकड ढिली होते. पूर्वीं या घाटांतून पाठाळ बैलांवर गोणी लादून नेणाऱ्यांस हें शिकविण्याची गरज नव्हती. गोण दोन्ही बाजूंस समतोल, जनावराच्या अंगास घट्ट, आणि शेपटाकडे ओझें नाहीं. प्रवाशाच्या खांद्यावरची किंवा घोड्यावरची पडशी याच तत्त्वाची. इंग्रजींत जिला सॅडलबॅग म्हणतात ती आपली पडशीच होय. जड वस्तु खालीं व मागील आंसाच्या पुढें, कपड्यांसारख्या हलक्या वस्तु वर व मागें, आणि दोन्ही कप्पे कांट्यावर तोलून सारखे, एवढा नियम पाळला म्हणजे निम्मी अडचण संपते. स्वार, सामान व दुसरें माणूस मिळून किती भार चालेल हें उत्पादकाच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें; त्यापुढें जाऊं नये. टायरांतील हवाही भरलेल्या गाडीसाठीं पुस्तिकेंत सांगितली असेल तेवढीच, आणि सकाळीं टायर थंड असतांना मोजून भरावी.

अवजारांच्या डब्यासाठीं आम्हीं दोन कलमांचा नियम घालून दिला. गाडीच्या ज्या नटास हात लावावा लागेल, त्यास बसणारा पाना पिशवींत असलाच पाहिजे. आणि गाडीच्या एकाही नटास बसत नाहीं असा पाना घरींच राहिला पाहिजे. त्या दिवशीं डब्यांतून अकरा पाने बाहेर निघाले, आणि मागचें चाक काढावयाचा पाना मुळांत नव्हताच असें आढळलें! लोखंडी पेट्यांच्या जागीं कापडी पडशी आली, उंचावरची पेटी गेली, जाकिटांपैकीं एकच उरलें. वजन २७ किलो. पुन्हां तोच घाट; या खेपेस हँडल थरथरलें नाहीं.

तिसरी परीक्षा खडकाळ वाटेची. शहापुराहून डोळखांबमार्गें डेहण्याकडे गेलें, कीं आजोबाचा डोंगर समोर उभा राहतो. येथें वाल्मीकींचा आश्रम होता असें लोक मानतात; वरच्या कड्यांतील एका जागेस ‘सीतेचा पाळणा’ म्हणतात. मुख्य रस्ता सोडून पाड्यांकडे वळणाऱ्या वाटा यंत्राची हाडें खिळखिळीं करणाऱ्या आहेत. भाचा सर्व सामानासह दिवसभर तेथें फिरला. संध्याकाळीं परत आला तेव्हां सामानाच्या कॅरिअरचे दोन बोल्ट वाटेंत कुठेसे गळून पडले होते आणि आरसा सैल झाला होता. परीक्षा नापास, पण नापासाचा उपयोग मोठा झाला.

गांवच्या मेस्त्रींनीं दोन उपाय सांगितले. बोल्टांच्या आट्यांस पकडून धरणारा डिंक बाजारांत मिळतो, तो लावावा. आणि नट घट्ट केल्यावर त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. नट फिरला कीं रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळीं निघण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालून त्या रेघा, टायर, तेल, ब्रेक आणि चेनची ढिलाई पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. चेन दर पांचशें किलोमीटरांस पुसून तेल द्यावें. चिखल-पावसांत त्याहून लवकर. क्लच-वायर तुटलीच तर नवी ओवीत बसण्यास वेळ लागतो, म्हणून राखीव वायर निघण्यापूर्वींच जुन्या वायरीच्या शेजारीं बांधून ठेवावी. मग टोंकें अडकविण्याचेंच काय तें काम उरतें. क्लच व ब्रेक यांचे जादा दांडे, फ्यूज, चेनचा जोड, ट्यूब, चिकटपट्टी आणि थोडी तार, एवढें मूठभर सामान पुष्कळ प्रसंगीं तारून नेतें.

पंक्चर काढण्याचें काम भाच्यानें किन्हवलीच्या एका दुकानांत दोन दुपार बसून शिकून घेतलें. ट्यूबविरहित टायरास छिद्रांत गुंडी भरून भागतें. तारांच्या चाकांत मात्र बहुधा ट्यूब असते, आणि टायर रिमवरून उतरविण्यास युक्ति लागते. आतांच्या गाड्यांविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ नाहींसा होऊन त्याच्या जागीं विजेवर चालणारें इंधन-क्षेपण आलें. राजदूत-येझदीच्या काळीं खेड्यांतील मेस्त्री पेचकसानें जें करी तें आतां होत नाहीं. पण बॅटरीचीं टोंकें, फ्यूज आणि हवेची जाळी या तीन गोष्टी स्वारास स्वतः पाहतां येतात, आणि बंद पडलेलें इंजिन कित्येकदां तेवढ्यानें सुरू होतें.

चौथी परीक्षा पावसाची. ती जुलैंत किन्हवली, सरळगांव, टोकावडे या वाटेनें माळशेजपर्यंत झाली. पाऊस अंगावर घेणें सोपें. सामानांत शिरूं न देणें कठीण. बाहेरचें आवरण कितीही उंची असो, आंत कपडे आणि बिछाना जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वेगळे बांधावेच लागतात. भातखाचरांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल रस्त्यावर सांडलेला असतो. त्यावर एकदम ब्रेक दाबणें म्हणजे आपण होऊन लोळण घेणें. पुलावरून पाणी वाहत असेल तर तें गुडघाभरच आहे असें कोणी कितीही सांगो, थांबावें. घाटांत दरडीच्या जागीं रेंगाळूं नये. आणि अंधार पडण्यापूर्वीं मुक्काम गांठावा.

याच परीक्षेंत एक प्रश्न असा होता कीं ज्याचा स्वाराच्या सुखाशीं संबंध नाहीं. माळशेजच्या वाटेवरील गांवांत रस्त्याच्या कडेनें मुलें शाळेस जातात, बायका पाण्याचे हंडे घेऊन जातात, गुरें परततात. रविवारच्या कांहीं गाड्यांचे सायलेन्सर मुद्दाम बदललेले असतात. त्यांच्या आवाजानें गुरें बुजतात आणि लहान मुलें दचकून भलत्या बाजूस धांवतात. असा बदल कायद्यानेंही निषिद्ध आहे. आम्हीं भाच्यास स्पष्ट सांगितलें, कीं ज्या गाडीनें वाटेवरच्या लोकांस आपलें शत्रु केलें, ती गाडी प्रवासास योग्य नव्हे. कारण दूरदेशीं शेवटचें पाथेय म्हणजे अनोळखी माणसाचा हात. त्यानें टोकावड्याच्या पुढें गाडी इतकी हळू चालविली, कीं मागच्या मंडळींनीं भोंगे वाजविले. या प्रश्नास आम्हीं पूर्ण गुण दिले.

आमच्या दोन तालुक्यांत ज्याची परीक्षा होत नाहीं, तें म्हणजे उंची आणि निर्जनता. माळशेज घाट सुमारें ७०० मीटर उंच. लेहच्या वाटेवरील तांगलांग खिंड ५,३०० मीटरांच्याही वर. तेथें हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या निम्म्याच्या जवळ येतो, म्हणून इंजिन आणि माणूस दोघेही धापा टाकतात. इंजिनास उपाय नाहीं, माणसास आहे. मनालीवरून एकदम उंच चढण्यापेक्षां श्रीनगर, कारगिल असें पायरीपायरीनें गेल्यास शरीरास सराव होतो, आणि लेहला पोहोंचल्यावर दोन दिवस स्वस्थ राहणें हा आळस नसून औषध आहे.

निर्जनतेचा विचार त्रैराशिकानें करावा. मनालीकडील वाटेवर टांडीच्या पंपावरची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याचें सांगणारी पाटी प्रसिद्ध आहे. टांकी १५ लिटरांची; सपाटीवर रिकामी गाडी लिटरास ३० किलोमीटर देते असें धरलें तर ४५० किलोमीटर जाईल, आणि मनुष्य निश्चिंत होतो. पण भार व चढ यांमुळें तीच २५ देऊं लागली, कीं हिशेब ३७५ वर येतो; म्हणजे हाताशीं उरले अवघे दहा किलोमीटर. एक वळण चुकलें कीं संपलें. पांच लिटरांच्या डब्यानें आणखी सव्वाशें किलोमीटरांचा धीर मिळतो. तो डबा कांठोकांठ भरूं नये आणि सायलेन्सरपासून दूर बांधावा.

शेवटीं कागदपत्रें. लायसन्स, नोंदणी, विमा, प्रदूषणाचा दाखला यांचा एक संच कमरेच्या पिशवींत, एक सामानांत आणि एक घरीं. याचें महत्त्व पटविणारें उदाहरण २०२५ सालचें आहे. मुंबईहून निघून सतरा देश ओलांडून इंग्लंडांत पोहोंचलेले मराठी प्रवासी योगेश आलेकरी यांची मोटारसायकल त्या वर्षाच्या ऑगस्टांत नॉटिंगहॅम येथें दिवसाढवळ्या चोरीस गेली, आणि तिच्याबरोबर पारपत्र, पैसे व सामानही गेलें. पुढें तेथील एका विक्रेत्यानें त्यांस दुसरी मोटारसायकल दिली. अनोळखी माणसाच्या हाताविषयीं वर म्हटलें आहे, त्यास याहून चांगला दाखला कोणता? तरी पारपत्र गाडीवर नव्हे, अंगावर असावें, हा धडा राहतोच. आमच्या वाचक-भगिनींसाठीं हेंही नमूद करितों, कीं पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ च्या मार्चांत नऊवारी नेसून मोटारसायकलवरून जगप्रवासास निघाल्या होत्या. हें क्षेत्र केवळ मुलांचें उरलेलें नाहीं, आणि लेकीनें असा हट्ट धरला तर परीक्षा त्याच.

भाच्यानें तिसरी परीक्षा पुन्हां दिली आणि उतरला. पुढील जूनमध्यें बहिणीनें त्याच्या हातावर दहीं ठेवलें, आणि तो सव्वीस दिवसांनीं सुखरूप परतला. वाटेंत क्लच-वायर तुटली, ती त्यानें रस्त्याच्या कडेला बसून बदलली. एकदां पंक्चर झालें, तेंही काढलें. बहिणीचें भय पूर्ण गेलें असें नाहीं. आईचें भय जात नसतेंच. परंतु त्या सव्वीस दिवसांत ती रोज रात्रीं “पोहोंचलास का?” एवढें विचारीत नसे, “रेघा पाहिल्यास का? चेनला तेल दिलेंस का?” असेंही विचारीत असे. ज्या गोष्टीची माहिती झाली तिचें भय आटोक्यांत राहतें, हें आम्हीं तिच्यावरून पाहिलें.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच सूचना आहे. मुलगा किंवा मुलगी अशा प्रवासाची गोष्ट काढील, तेव्हां होकार किंवा नकार देण्याची घाई करूं नये. अंगणांत पोतीं पसरावीं, गाडी आडवी करावयास सांगावी आणि ती एकट्यानें उभी करतां येते का तें पाहावें. सामान कांट्यावर घालावें. पाने एकेक करून नटांस लावून पाहावे. आणि आपल्याच तालुक्यांतील सर्वांत वाईट रस्त्यावरून, भर पावसांत, एकदां जाऊन येऊं द्यावें. प्रवासाचें वेड खोटें असेल तर तें एवढ्यांतच उतरेल. खरें असेल, तर आपलें मूल कोणती शिदोरी घेऊन निघालें आहे हें आपणांस पक्कें ठाऊक असेल.